हिवाळ्यातली दोन रात्रींची सफर : धाडहून बुऱ्हाणपूर

डिसेंबर लागला की मोबाईलवर युरोपातल्या शहरांची छायाचित्रे फिरू लागतात. कुणाचा भाचा लंडनला नोकरीला असतो, कुणाची पुतणी जर्मनीत शिकत असते. पांढरा बर्फ, दिव्यांनी सजलेले चौक, हातात कॉफीचा वाफाळता पेला. घरातली मुले ती छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहतात आणि विचारतात, "आपण कधी जायचं?" धाडसारख्या गावात शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरी या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेले असते : "अल्लाह देईल तेव्हा जाऊ." आणि विषय तिथेच मिटतो.

आम्हाला वाटते, हा विषय असा मिटवू नये. आधी युरोपातला माणूस हिवाळ्यात नेमके काय करतो ते पाहावे. तो महिनाभर फिरत नाही. दोन-तीन रात्रींची सवड काढतो, एकच शहर निवडतो, तिथे पायी हिंडतो, जुन्या इमारती आणि बाजार पाहतो, त्या शहराचा म्हणून जो पदार्थ असेल तो खातो आणि सोमवारी कामावर हजर होतो. हिवाळ्यात गर्दी कमी असते आणि राहण्याचे दर उतरतात म्हणून तो हा मोसम निवडतो. यातून विमान आणि बर्फ वजा केला, तर आपल्याला जमणार नाही असे काय उरते?

उलट हिवाळ्यात फिरायला आपलाच मुलूख बरा. डिसेंबरच्या शेवटी लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. जोहर, असर आणि मगरिब या तिन्ही नमाजा चार तासांत येतात, त्यामुळे फिरणाऱ्याची धावपळ होते. आपल्याकडे याच दिवसांत जवळपास अकरा तास उजेड असतो, ऊन कोवळे असते आणि दुपारीही चालता येते. एप्रिल-मे महिन्यांत, शाळांना लांब सुट्टी असते तेव्हा, विदर्भ-खानदेशात दिवसा बाहेर पडणे कठीण. तेव्हा फिरायचे दिवस हेच.

खर्चाचेही पाहू. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी जो शेंगेन व्हिसा लागतो, त्याची फी जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो झाली आहे. बारा वर्षांवरील मुलांनाही तेवढीच. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. चार मोठ्या माणसांची नुसती ही फी तीस हजार रुपयांच्या वर जाते. आम्ही सहा जण मागच्या हिवाळ्यात दोन रात्री बुऱ्हाणपूरला जाऊन आलो. गाडीभाडे, लॉज, जेवणखाण आणि मिठाईसकट त्याच्या अर्ध्यात भागले.

बुऱ्हाणपूरच का?

धाडहून औरंगाबाद जवळ आहे, अजिंठा तर त्याहून जवळ. पण तिकडे कामानिमित्त जाणे होतच असते. बुऱ्हाणपूर आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत असूनही आपल्या भागातल्या फार थोड्या लोकांनी ते पाहिले आहे. मध्य प्रदेशात गेल्यामुळे ते परके वाटते. पण हे शहर जुन्या खानदेशाची राजधानी. तिथल्या बाजारात उर्दू आणि हिंदीबरोबर मराठीही सहज ऐकू येते.

दुसरे कारण घरातले होते. आमच्या अम्मींच्या माहेरी पूर्वीपासून सांगत आले की आपले पूर्वज बुऱ्हाणपूरचे विणकर. अम्मी सत्तरीच्या आहेत. आयुष्यभर त्या घराबाहेर पडल्या त्या लग्नाला, मय्यतीला, दवाखान्यात किंवा सैलानीला. निव्वळ पाहण्यासाठी म्हणून त्या कधी कुठे गेल्या नव्हत्या. गुडघे आता कुरकुर करू लागले आहेत. आणखी दोन-तीन वर्षे थांबलो असतो तर ही सफर त्यांच्याशिवायच झाली असती. लग्नाच्या मांडवासाठी आपण कर्ज काढतो, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिच्या पूर्वजांचे गाव दाखवायला आपल्याकडे पैसे नसतात. हे कुठेतरी बदलावे असे मनात होते.

पंचवीस डिसेंबरला जोडून शनिवार-रविवार आला. शेतात गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस, म्हणून धाकट्या भावाने घर सांभाळायचे कबूल केले. गावातलीच एक सात आसनांची गाडी ठरवली आणि फजर पढून निघालो.

घाटावरून घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यातली माणसे आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात : घाटावर आणि घाटाखाली. बुलढाण्याच्या पुढे राजूर घाट उतरला की हवा बदलते, माती बदलते. घाटावर स्वेटरची बटणे लावून निघालेली मुले मोताळ्याला पोहोचेपर्यंत स्वेटर काढून बसली.

याच मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. आज ते साधे खेडे वाटते, पण बुऱ्हाणपूरहून दख्खनकडे येणाऱ्या फौजा या बाजूने घाट चढत. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत या गावाजवळ दोन मोठ्या लढाया झाल्या. मुलांना एवढेच सांगितले की आपण आज जो रस्ता धरला आहे, तो राज्ये घडवणारा आणि मोडणारा रस्ता होता. इतिहास म्हणजे दिल्ली आणि आग्रा, अशी मुलांची समजूत पुस्तकातून होते. आपल्या तालुक्याचे नाव त्यात आले की ती कान टवकारतात.

मलकापूरनंतर पूर्णा ओलांडली की तापीच्या खोऱ्यातली केळीची हिरवीगार शेते सुरू होतात. ज्यांना गाडी करायची नसेल त्यांनी मलकापूरहून रेल्वेने भुसावळ आणि तिथे गाडी बदलून बुऱ्हाणपूर असे जावे. खर्च आणखी कमी होईल, मात्र म्हातारे माणूस सोबत असेल तर फलाट बदलण्याचा विचार आधी करावा.

एका वलींच्या नावाचे शहर

खानदेशात 1382 ते 1601 अशी दोनशेहून अधिक वर्षे फारूकी घराण्याचे राज्य होते. त्यातल्या नासीर खान फारूकींनी 1400 च्या सुमारास तापीच्या काठी हे शहर वसवले. खुलताबादला विसावलेले हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याला बुऱ्हाणपूर म्हटले गेले. नदीच्या पलीकडची वस्ती जैनाबाद. तेही खुलताबादच्याच शेख जैनुद्दीन शिराजी यांचे नाव. खुलताबादला आपल्याकडून कितीतरी घराणी जातात, पण तिथल्या दोन बुजुर्गांच्या नावाने तापीच्या दोन्ही काठांवर वस्ती उभी आहे, हे आमच्या सोबतच्या कुणालाच ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी दुपारी लॉजवर सामान टाकून सरळ जामा मशीद गाठली. काळ्या दगडाची ही मशीद गांधी चौकात, भर बाजारात आहे. पुढे मोठे अंगण, दोन उंच मिनार आणि आत दगडी कमानींच्या रांगांमागून रांगा. फारूकी सुलतान आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान, यांच्या काळात 1590 च्या सुमारास ती पूर्ण झाली. हे आदिलशाह विजापूरचे नव्हेत, नाव सारखे असल्याने मुलांचा गोंधळ होतो.

या मशिदीतली एक गोष्ट प्रत्येक शाळेतल्या मुलांनी पाहावी अशी आहे. आत भिंतीवर अरबी शिलालेख आहे आणि त्याच्याच सोबत संस्कृत शिलालेखही आहे. त्यात निर्मात्याला वंदन करून फारूकी घराण्याची वंशावळ दिली आहे आणि विक्रम संवत 1646 असे वर्ष नोंदवले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या सुलतानाला आपल्या मशिदीत, किबल्याच्या बाजूला, आपल्या प्रजेची भाषा कोरून घेण्यात अडचण वाटली नाही. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो. "सर, आपली भाषा नेमकी कोणती?" असे मुले कधीकधी विचारतात. त्या मुलांना आता आम्ही या भिंतीचे छायाचित्र दाखवतो. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारूकींचे राज्य संपले. त्या विजयाची नोंदही याच मशिदीत कोरलेली आहे.

असरची जमात मिळाली. धाडहून बुऱ्हाणपूर सफरच्या अंतरात येते, त्यामुळे एकटे पढताना कसर आणि स्थानिक इमामांच्या मागे पूर्ण, हे थोरल्या मुलाने पहिल्यांदा प्रत्यक्षात केले. घरातल्या बायकांनी नमाजांच्या मधल्या वेळेत मशीद पाहिली आणि नमाज लॉजवर पढली. बायका सोबत असतील तर त्यांच्या नमाजची आणि वजूची सोय कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. सफर आखताना पुरुष हा प्रश्न शेवटी आठवतात, खरे तर तो पहिल्या ओळीत असायला हवा.

जमिनीखालची नदी

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी भंडारा पाहिला. काही जण त्याला खूनी भंडारा असेही म्हणतात. सातपुड्याच्या डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. ते वाटेतच अडवून भुयारात घ्यायचे आणि फक्त उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचे, अशी ही रचना. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. भुयारात हवा राहावी आणि साफसफाई करता यावी म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या आहेत. अशा शंभराहून अधिक कुंड्या आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत. जहांगीरच्या काळात, 1615 मध्ये, अब्दुर्रहीम खानखानान इथले सुभेदार असताना तबकतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने हे काम केले. एका कुंडीत सुमारे 80 फूट खाली उतरायला लिफ्ट बसवली आहे. ती चालू आहे की नाही हे शहरात विचारून मगच जावे. 2024 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव आले.

औरंगाबादला मलिक अंबरने बांधलेली नहर आणि ही रचना साधारण एकाच काळातली. ज्या जिल्ह्यात उन्हाळा आला की गावोगावी टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या मुलांनी हे अवश्य पाहावे. आमच्या मधल्या मुलीने तिथे उभ्या उभ्या विचारले, "चारशे वर्षांपूर्वी हे जमलं, मग आपल्याला का जमत नाही?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. पण तो प्रश्न पडावा यासाठीच तर सफर असते.

हे खानखानान म्हणजे शाळेच्या हिंदी पुस्तकात ज्यांचे दोहे असतात ते कवी रहीम. आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी या शहरात काढली. त्यांचा मुलगा शाहनवाज खान याचा मकबरा गावाबाहेर उतावळी नदीच्या काठी आहे. काळ्या दगडामुळे लोक त्याला काळा ताजमहाल म्हणतात.

चौदावे बाळंतपण

तापीच्या काठावर शाही किल्ला आहे. बराचसा पडला आहे, पण त्यातला हमाम अजून उभा आहे आणि छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. याच शहरात 17 जून 1631 रोजी मुमताज महल यांचा इंतकाल झाला. नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात त्यांना तात्पुरते दफन केले होते. त्याच वर्षी डिसेंबरात शहजादा शुजा यांच्यासोबत त्यांचा जनाजा आग्र्याला नेण्यात आला. म्हणजे ज्या थंडीत आम्ही तिथे उभे होतो, तशाच थंडीत तो काफिला निघाला असणार.

ताजमहालाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. आहूखान्यात दुसरी गोष्ट आठवते. मुमताज महल तेव्हा 38 वर्षांच्या होत्या आणि ते त्यांचे चौदावे बाळंतपण होते. हिंदुस्थानचा बादशहा शेजारी असून, हकीम आणि दाया हाताशी असून त्या वाचल्या नाहीत. हे सांगताच अम्मी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इतका मोठा मकबरा बांधला, पण बिचारीला आराम कधी दिला?" आमच्या पत्नी हसल्या, पण ते हसणे लवकर विरले. आपल्या गावांत आजही गरोदर बाईचे रक्त तपासायला उशीर होतो, दोन बाळंतपणांत अंतर राहत नाही. आहूखाना पाहून आलेल्या घरात या गोष्टी बोलणे थोडे सोपे होते, असा आमचा अनुभव आहे.

सफर सगळ्यांची व्हावी

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आपल्याकडच्या सहलीत पुरुष आणि मुले फिरतात, बायका मात्र स्वयंपाक करतात. पहाटे तीनला उठून दहा जणांचे डबे, तिथे पोहोचल्यावर दस्तरखान मांडणे, परतल्यावर भांड्यांचा ढीग. मग त्यांना विचारा की काय पाहिले, तर त्यांना टोपली आणि पाण्याचा जारच आठवतो. म्हणून आम्ही ठरवले की घरून फक्त पहिल्या सकाळपुरती भाकरी आणि ठेचा घ्यायचा. बाकी दोन दिवस चूल नाही. जेवण साध्या खानावळीत झाले. युरोपात गेलेले आपले नातेवाईक हलाल जेवण शोधत हिंडतात, बुऱ्हाणपुरात तो प्रश्नच येत नाही. रात्री बाजारात कढईतून काढलेली गरम मावा जलेबी खाल्ली. खव्याची असल्याने ती आपल्या जिलेबीपेक्षा जाड आणि गडद असते. थंडीत तिची चव वेगळीच लागते. घरी आणायला दराबा घेतला, तो रवा, साखर आणि तुपाचा, फेटून फेटून हलका केलेला.

अम्मींसाठी दिवसाला दोनच ठिकाणे ठेवली होती. सकाळी एक, असरच्या आधी एक आणि मध्ये विश्रांती. असीरगड शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. तिसऱ्या दिवशी तो आम्ही मुलांसोबत पाहिला. तेवढ्या वेळात अम्मी आणि आमच्या पत्नी लोधीपुऱ्यातल्या बोहरा समाजाच्या दरगाह-ए-हकीमीच्या बागेत उन्हाला बसल्या. सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे, हा हट्ट सोडला की कुणीच थकत नाही.

विणकरांच्या मोहल्ल्यात मात्र अम्मी स्वतःहून चालल्या. आता तिथे हातमाग नाहीत, यंत्रमागांचा खडखडाट आहे. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने लिहून ठेवले आहे की इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे. म्हणजे युरोपातल्या त्या थंड शहरांत आपल्या विणकरांचे काम चार शतकांपूर्वीच पोहोचले होते. पूर्वजांचे घर कुठले, हे काही सापडले नाही, सापडण्यासारखेही नव्हते. एका कारखान्याच्या दारात अम्मींनी नुकत्याच उतरलेल्या कापडावर हात फिरवला. तिथल्या बाईंनी ओळख ना पाळख असताना "आपा, चाय पीके जाव" म्हणून बसवून घेतले. दोघींनी अर्धा तास एकमेकींच्या नातवंडांची चौकशी केली.

गंमत म्हणजे एक युरोपीय पाहुणा हिवाळ्याच्या तोंडावर या शहरात येऊन गेला आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीरच्या भेटीला अजमेरकडे निघाला होता. नोव्हेंबर 1615 मध्ये तो बुऱ्हाणपुरात थांबला आणि शहजादा परवेझला भेटला. कुंडी भंडाऱ्याचे वर्षही तेच. शहजाद्याचे, खानखानानचे आणि आणखी थोडे वाडे सोडले तर बाकी घरे मातीची आहेत, असे त्याने लिहिले आहे. पायाखालून वाहणारे पाणी बहुधा त्याच्या नजरेस आले नसावे. पाहुणा वरवर पाहतो तो असा. आपल्याच मुलखात आपणही असे पाहुण्यासारखे राहू नये.

पुढच्या हिवाळ्यासाठी

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. शुक्रवारी दुपारी जामा मशीद परिसरात गर्दी असते, त्या दिवशी पोहोचायचे असेल तर जुम्याच्या बऱ्याच आधी पोहोचावे. सकाळ-संध्याकाळ थंडी लागते, म्हाताऱ्यांसाठी शाल आणि पायमोजे हवेत. त्यांची औषधे आणि सगळ्यांची ओळखपत्रे एकाच पिशवीत ठेवावीत. आणि निघण्याच्या आदल्या रात्री मुलांना त्या शहराची गोष्ट सांगावी. गोष्ट माहीत नसेल तर मशीदही नुसती दगडाची दिसते.

पैशाचे म्हणाल, तर आमच्या घरात एक जुना डबा आहे. दर महिन्याला त्यात बाराशे रुपये पडतात. मुलेही ईदीतले थोडे टाकतात. लग्नकार्याला त्या डब्याला हात लावायचा नाही, असे सगळ्यांच्या मशवऱ्याने ठरले आहे. वर्षभरात एका शहरापुरते जमतात. पुढच्या हिवाळ्यात बीदर पाहावे असे मुलांचे म्हणणे आहे. अम्मी म्हणतात, खुलताबाद. बुऱ्हाणपूर ज्यांच्या नावाने वसले, त्यांना आधी सलाम करून यावे. बहुधा अम्मींचेच ऐकले जाईल.